चिंतामणी रंग

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शिरा कधीपासून दिसतात?
म्हटलं, दुकानाचं नूतनीकरण झालं तेव्हापासून.
त्या हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करतेय.

कुमठेकर रस्त्यावरच्या आमच्या दुकानात आधी गादी होती.
पांढरी, दर आठवड्याला खोळ बदललेली.
चपला पायरीशी. मांडी घालायची.
गिऱ्हाईक समोर, मधे साडी,
आणि कावरेकाका बसल्याबसल्या मनगटाच्या एका झटक्यात
साडेपाच मीटर मोकळं सोडायचे.
मग धाकटे शेठ कुठलेकुठले मॉल बघून आले.
काचेचे काउंटर आले, छतात दिवे, कोपऱ्यात कॅमेरा,
आणि एक नियम, जो कुठेच लिहिलेला नाही:
विकणारं माणूस बसलेलं दिसता कामा नये.
आळशी दिसतं म्हणे.

दहा ते साडेआठ. लग्नसराईत साडेनऊ.
बाथरूमला जाते सांगून आम्ही बसायला जातो,
रोहिणी माळवदे, तबस्सुम, मी.
झाकण लावायचं, बसायचं, एकशेवीस मोजायचे.
शंभरलाच बाहेरून कडी वाजते.
तिलाही पाय असतात.

आई म्हणायची, स्वतःच्या पायावर उभी राहा.
राहिले. चौदा वर्षं, रोज साडेदहा तास.
तुला ठाऊक होतं का गं,
की हे इतकं शब्दशः असतं?

शिरांचं सांगायचं तर
डॉक्टरांना त्या नुसत्या निळ्या दिसतात.
मी साड्यांतली. नुसता निळा माझ्याकडे नसतो.
गुडघ्यामागे आहे तो चिंतामणी,
पोटरीवरून उतरताना वांगी,
घोट्यापाशी कातडी झालीय ती कॉफी,
हा रंग खपत नाही, सेलमध्ये काढावा लागतो.
डाव्या पायाचा काठ जास्त रुंद.
त्या म्हणाल्या, घट्ट मोजे घाला, गुडघ्यापर्यंतचे,
आणि दर तासाला दहा मिनिटं बसत जा.
मोजे मी हप्त्यानं घेईन.
दहा मिनिटं कुठल्या दुकानात मिळतात?

परवा सहकारनगरच्या एक बाई आल्या,
काठी टेकत, गुडघा नवीन बसवलेला.
त्यांच्यासाठी स्टूल आणलं, तर म्हणाल्या, अजून एक आणा.
आणलं. त्यावर काठीनं टकटक केलं माझ्याकडे बघून,
"बस. तू उभी असलीस की मला घाई होते."

बसले. म्हणजे टेकले, अर्धीच.
काउंटर एकदम उंच झाला.
कितीतरी वर्षांनी कपाटाचा तळचा कप्पा दिसला,
तिथे गादीची खोळ, अजून पांढरीच म्हणायची,
काचा पुसायच्या फडक्यांत घडी करून ठेवलेली.
दोन नारायणपेठी, एक इरकल, इतका वेळ मी तिथे होते.
मग फोन वाजला, वरच्या केबिनमधून.
कावरेकाका माझ्याकडे बघायला लागले, मी फोनकडे.
बाई म्हणाल्या, "वाजू दे. पदर दाखव."

वाजू दिला.
साडी काही घेतली नाही त्यांनी,
सुनेला घेऊन येते म्हणाल्या.
शेठ मला एका शब्दानं बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी ते स्टूल जिन्यापाशी गेलं होतं.
आता त्याच्यावर पाण्याचा जार बसतो.

रात्री धनकवडीत, भांडी झाली की
भिंतीला पाय लावून पडते.
रंगावर टाचांचे दोन डाग पडलेत,
ओजस विचारतो, आई, तू भिंतीवर चालतेस का?
हळूहळू मुंग्या येतात, रक्त घरी परतल्यासारखं खाली उतरतं.
उभा जन्म गेला, असं म्हणतात ना लोक,
ते पहिल्यांदा कुणातरी काउंटरमागच्या बाईनंच म्हटलं असणार,
साडी पुन्हा घडी करता करता.
ओजस दिवा घालवतो.
मी आडवी.
पाय अजून उभेच.