पायऱ्या मी काढते

चेहरे काढायला दुसरा माणूस आहे.
तो वरच्या मजल्यावर बसतो, त्याला खिडकी आहे.
मी पायऱ्या काढते.
पायऱ्या, गच्च्या, विजेच्या तारांचा गुंता,
नायिका रडते तेव्हा तिच्या मागचा कठडा,
नायक निघून जातो तेव्हा मागे उरलेला रस्ता.
आठवड्याला सत्तर चौकटी.
गुरुवारी रात्री दहाला नवा भाग फोनवर येतो
आणि दहा वाजून चार मिनिटांनी
लोकांचा वाचून झालेला असतो.

टाकसाहेबांकडे सगळे आकडे असतात.
एका चौकटीवर माणूस दीड सेकंद थांबतो.
रडण्यावर तीन. चुंबनावर पाच.
आणि जिन्यावर? मी एकदा विचारलं.
ते हसले, वाईट नव्हते हसले,
जिन्यावरून लोक उतरतात, म्हणाले.

तरी मी तिसऱ्या पायरीचा टवका विसरत नाही.
यंगदोच्या एका पाडून टाकलेल्या गल्लीचे
सहा फोटो मिळाले होते, काळे-पांढरे,
त्यातल्या एकात पायरीवर पालथं घातलेलं पातेलं होतं.
ते मी प्रत्येक भागात ठेवते.
कधी उजवीकडे, कधी जरा डावीकडे.
कुणीतरी राहतं तिथे, एवढंच.

शुक्रवारी सकाळी सहाच्या बसमध्ये
शेजारी एक बाई येऊन बसली.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला बांगड्याचा वास,
मासळीबाजारातला लिलाव आटोपून निघालेली.
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवरूनच अंगठा फिरवत होती.
नखाला एक खवला चिकटलेला,
प्रत्येक चित्रावरून तो चमकत जायचा.

आमचाच भाग होता. कालचा.
नायकाने मन मोकळं केलं – गेलं वर.
नायिकेचे अश्रू, ज्यावर तो वरचा माणूस
दोन रात्री जागला – तेही गेले.
चुंबनावरून तर तिने अंगठा असा ओढला
जसा टेबलावरचा चुरा झाडावा.
मग थांबली.
दोन बोटांनी चित्र मोठं केलं.
पातेलं. टवका. कठड्याचा वळलेला गज.
दोन थांबे गेले. तिसरा गेला.

हा निळा होता, ती म्हणाली.
मला की फोनला, कळलं नाही.
करडा नाही. निळा. खाली गंजलेला.
धाकटीचा पुढचा दात इथेच पडला,
आम्ही पायऱ्यांवर संध्याकाळभर शोधत होतो.

मी सांगायला हवं होतं.
पण घशात काहीतरी अडकलं, आणि तोंडातून आलं ते भलतंच:
गोष्ट कशी आहे?
गोष्ट? तिने खांदे उडवले.
ती दोघं भांडतात वाटतं.
अक्षर बारीक, चष्मा घरी राहतो.
मी आपली गल्लीत जाऊन येते.

उतरताना तिच्या एप्रनची पाठ दिसली,
मल-सुन, गाळा एक्केचाळीस.

पुढच्या गुरुवारसाठी मी कठडा निळा केला.
सोपं नव्हतं ते. पहिला निळा शाळेच्या गणवेशाचा झाला,
दुसरा स्वस्त औषधाच्या बाटलीचा.
तिसरा, समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेला,
तो बसला. खाली गंज.
चौथ्या पायरीच्या फटीत तांदळाएवढं पांढरं काहीतरी ठेवलं.

मागच्या भागापर्यंत करडा होता, टाकसाहेब म्हणाले,
वाचक धारेवर धरतील.
कुणी धरलं नाही.
दोन हजार प्रतिक्रिया आल्या,
सगळ्या नायिकेच्या नव्या केसांबद्दल.

सोमवारी त्यांनी तक्ता उघडला.
चोपन्नाव्या चौकटीवर
कुणी एक जण
अकरा मिनिटं थांबलेला दिसत होता.
फोन उघडा टाकून झोपलं असेल कोणी, ते म्हणाले,
सरासरी बिघडते,
आणि ती ओळ काढून टाकली.

झोपलं असेलही.
गाळा पहाटे तीनला उघडतो.