मुका खांब

गुरुवारी चार वाजता बोट सुटते पुंता अरेनासहून,
आणि यास्ना, तू त्या बोटीत असशील,
नवरा, दोन मुलं, वर्षाचं पीठ, वर्षाचा तांदूळ,
आणि हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

तुला मी एकदाच पाहिलंय, नौदलाच्या कचेरीत.
तू बेटाचा नकाशा उलटा धरला होतास
आणि कोणी काही बोललं नाही,
मीही नाही.

पाच मिलिमीटरची सुई घेतली.
बारीक नको. बारीक सुईला
आधीच शहाणी झालेली बोटं लागतात.

लोकर फिकट.
दोन्या एदुविना शिडीवर चढून म्हणाली, कुठली काढू?
म्हटलं, दुधाच्या सायीच्या रंगाची, चार गुंडे, केसाळ नको.
केसाळ लोकर उसवत नाही, भांडते.
मी गडद निळी नेली होती, समुद्राला शोभेल म्हणून.
जूनमध्ये तिथे दहाला उजाडतं, पाचला मिटतं,
निळ्यात टाका दिसायचा नाही,
आंधळ्यासारखी चाचपत मोजायची मी.
सायीवर चूक लगेच दिसते.
दिसली की एक टोक ओढ. सगळं परत दोरा होतं.
ही सोय बाकी कशात नाही.

खुणेला लंगोटाच्या चार पिना,
लेआंद्राच्या आहेत, ती आता शाळेत जाते.
मोठ्या नेढ्याची बोथट सुई, शेपटं लपवायला.
मापाची टेप ठेवली होती, काढून घेतली.

कागदावर लिहिलंय, अक्षर मोठं ठेवलंय:
सरकगाठ. साखळ्या एकवीस.
सुईजवळची पहिली सोड, पुढच्या प्रत्येकीत एक मुका खांब.
मुका म्हणजे बुटका.
सुईवर आधी वेढा घेतलास तर साधा खांब होतो,
उंच, हवेशीर, भराभर वाढणारा.
तो मागाहून.
पहिले तीन महिने मुकाच बरा.

(त्या तीन महिन्यांत मी घरात काय बोलले, आठवत नाही.
आन्सेल्मो दर तीन तासांनी रेडिओवर हवा सांगायचा,
पश्चिमेचा वारा, साठ नॉट, लाटा इतक्या.
आकडे मला त्याच्या आवाजात ऐकू यायचे
आणि माझे माझ्या डोक्यात चालू:
वीस. एकोणीस. सतरा.)

लाकडी सुईचं मात्र ठरत नव्हतं.
माझी पहिली सुई जुलैत वाऱ्याने नेली,
कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, हातातून.
आन्सेल्मोने मोडक्या खुर्चीच्या दांडीतून
चार रात्री कोरून दुसरी केली.
लोकर अडकायची तिच्यात, प्रत्येक टाक्याला.
मी त्याला सांगितलं नाही.
सगळा हिवाळा अडकू दिली.
डब्यात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.
आता ती टेबलावर आहे, मिठाच्या भांड्याशेजारी.
तुझं तू बघ, यास्ना,
तुमच्याकडेही खुर्च्या असतीलच.

डबा बंद केला, चिकटपट्टी चारी बाजूंनी,
आणि मग कात्री शोधत बसले.
कात्री आत.
दातांनी पट्टी तोडताना लेआंद्रा हसत होती,
म्हणाली, तो तुझा टॉवेल पण दे ना त्यांना.

तो टॉवेल नाही.
चौकोन व्हायचा होता.
प्रत्येक ओळीच्या कडेचा शेवटचा टाका मी विसरत गेले
आणि चौकोनाचा त्रिकोण झाला, टोकाला एकच मुका खांब.
पाच वर्षं मी त्याने तापलेल्या किटलीचा कान धरते.
एका बाजूला जळलाय.

धुतला. वास गेला नाही.
घडी घालून सगळ्यात वर ठेवला,
झाकण उघडताच तोच दिसेल असा,
म्हणजे तुझं पहिलं जे काही होईल
ते याच्याशेजारी ठेवून बघशील,
आणि कात्री, या वेळी, बाहेर.