खोक्यावरचं गाव

लीलाधरच्या दुकानात फवारणी पंपांची चौदा रिकामी खोकी.
एकात वॉशर, एकात मेलेल्या बॅटऱ्या,
एकात मांजर व्यालेली.
सगळ्यांवर गाव एकच :
टी ए आय झेड एच ओ यू.

"टायझू," लीलाधर म्हणतो, सतरा वर्षांपासून.
धानवाले "तैझाव" म्हणतात.
भोजराम गुरुजींनी चष्मा लावून तीनदा वाचलं,
"शेवटी यू आहे," एवढंच बोलले
आणि नोझल घेऊन गेले.

आम्रपालीनं मोबाईललाच विचारलं.
आतली बाई बोलली : थाय-जो,
सूर वर धरून, खाली न आणता,
पल्याडच्या डोंग्याला हाक मारावी तसा.
"मंग एच कायले?"
"तो बोलत नाही, बाबा. जीभ कोठी वळवाची, तेवढं दाखवते.
आपला नाही का, जिवाचा ज अन् जावयाचा ज,
लिवाले एकच.
त्याइनं खूण तरी ठेवली."

थाय तिथल्या एका डोंगराच्या नावातला.
जो म्हणजे नदीत उघडी राहिलेली जमीन.
पूर्वी ते अक्षर नव्हतं, चित्र होतं :
वाहतं पाणी, मधे कोरडे ठिपके.
पुढं बेटाचा परगणा झाला, परगण्याचं शहर,
शहरात पंपांचे कारखाने,
आणि ठिपक्यावर पहिला पाय कोणी ठेवला
हे कोण सांगणार.

लीलाधरचा स्क्रू फिरता फिरता थांबला.
वैनगंगेत आपलंही होतं.
उन्हाळ्यात ढिवरांची डांगरं पिकायची त्यावर.
त्यावरूनच बेटोळी.
धरणाचं पाणी चढलं तेव्हा
गाव ट्रकात बसून टेकाडावर आलं,
नाव भांड्याकुंड्यांसोबत आलं.
बेट नाही आलं.

पाटीवर आता बी ई टी ओ एल आय.
ट चा टणका गेला, ळ ला तर बसायला जागाच नाही.
रेशनकार्डावर बाटोली, बँकेत बेतोली.
कुरिअरवाला फोनवर ओरडतो, बटाली कुठं आली?

बिघडलेला चार्जर नागपूरला परत पाठवायचाय.
लीलाधर फॉर्मवर वाकतो,
एकेक अक्षर कोरतो.
तिसऱ्यापाशी पेन अडतो.

"आमू, इथी एखांदा एच टाकू का वं?
जीभ कोठी ठेवाची
ते तं समजन त्याइले."