शुक्रवारी अडीच ते चार

शुक्रवारी अडीच ते चार, एवढाच हॉल आपला, प्रभू.
आमच्या आधी मल्याळी, आमच्यानंतर तेलुगू मंडळी,
खुर्च्या अजून कोमट.
भिंतीपलीकडे कोणी तगालोगमध्ये तुलाच हाका मारतंय,
आणि आम्ही सतरा जण, नगर, जालना, मिरजेकडचे,
मनाम्याच्या उन्हातून आत येऊन
एसीखाली डोकी पुसत मराठीत उभे राहतो.

पेटी मी वाजवतो. भाता जरा फाटलाय,
खालचा सा दाबला की आधी उसासा, मग सूर.

आठवडाभर मी सित्र्यात समुद्राचं पाणी गोड करतो.
म्हणजे यंत्र करतं. मी नळ्या खरवडतो,
आत धरलेला पांढरा थर, छिन्नीनं, ब्रशानं, कधी नखानं.
गोड पाणी शहराकडे जातं,
खार राहतो बुटात, भुवयांत, डब्यातल्या भाकरीत.
लोटाच्या बायकोचं मला कुणी सांगू नये.
ती एकदाच वळली.
मी अकरा वर्षं मान वळवूनच चालतोय,
अजून खांब झालो नाही, एवढंच.

"एकच वर्ष, मग येतो,"
हे अलीशिबाला पहिल्यांदा म्हणालो तेव्हा
घुलेवाडीत नुसतं जोतं होतं.
मग भिंती आल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला,
आता जिन्याला स्टीलचा कठडा हवा.
वाईट काय त्यात? लेकरं कोरडी झोपतात, माय पलंगावर.
मी सोन्याच्या बाजारात हिंडत नाही,
बाटलीला शिवत नाही,
दशांश काढून ठेवतो वेगळ्या कप्प्यात, घडी घालून.
तुझ्या नावाचा एक कप्पा आहे, प्रभू,
आणि बाकीचं पाकीट आहे.

परवा फोरमननं यादी लावली:
शुक्रवारी काम, दीडपट पगार.
मी नाव घातलं नाही.
मग दोन दिवस तुला तेच ऐकवत राहिलो,
इतके दिनार, गुणिले रुपये, भागिले कठडा,
जसा काही तू माझं देणं लागतोस.

आज प्रभुभोजन होतं.
गुडघे टेकलेले, भाकर जिभेवर,
प्याला तीन माणसं पलीकडे,
आणि खिशात फोन थरथरला.
न बघताच कळलं. फरशीचे फोटो.
ही की ती, दुकानदार थांबलाय.
प्याला माझ्यापाशी आला तेव्हा, खरं सांगतो,
मी अजून न पाहिलेल्या फरशीवरून
अनवाणी चालत होतो.

चाराला पाच कमी असताना दार ढकललं गेलं.
दुर्कस मावशी. रिफाला एका घरी कामाला.
आठवड्याची सुटी दोन तास,
त्यातला दीड बसनं खाल्लेला.
चपला हातात, ओढणीला कांद्याचा वास.
उपदेश झालेला, भोजन झालेलं, गीतं झालेली,
पाळकांनी आशीर्वादाला हात उचललेले.
ती दारातच थांबली, डोळे मिटले,
आणि असं काही "आमेन" म्हणाली
की मला माझी पेटी खोटी वाटली.

"मावशी, काहीच मिळालं नाही तुम्हाला," मी म्हणालो.
"आता काय मिळायचं राहिलं? तो व्हता की हितं,"
म्हणाली, आणि पळाली बस धरायला,
आत येणाऱ्या तेलुगू लेकरांतून वाट काढत.

परतीच्या गाडीत मी लिहिलं, "कुठलीही चालेल."
पाठवलं.
मग पुलावर, दोन्हीकडे समुद्र असताना,
दोन्ही फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिले.
करड्या रेघांची चांगली आहे.

नळ्या मी खरवडू शकतो, प्रभू.
माझ्या आत धरलेल्या थराला माझा हात पोचत नाही.
छिन्नी तुझ्याकडे आहे, हे ठाऊक आहे मला.
दुखेल, म्हणून अजून मागितली नाही.
आज मागतोय, असंही म्हणत नाही.
फक्त फोन मांडीवर पालथा घातलाय
आणि तो थरथरतोय.