खुर्चीची जागा

जिल्ह्याहून आलेल्या माणसाने काडी पेटवली
आणि फुंकर मारून विझवली.
म्हणाला, आता धूर कुठे जातो ते बघा.
पुलापलीकडचा रस्ता बर्फाखाली होता,
घोड्यावरून आला होता तो, अजून रिकिबीतल्यासारखाच फेंगडा उभा.

बाकावर न्टाटे सेआबाता खोकत होते.
त्यांच्या डोक्यावरून धूर उठला,
छताकडे गेल्यासारखं केलं, मग वळला.
शेगडीला वळसा घालून
सरळ नोंदवहीच्या टेबलापाशी गेला
आणि खुर्चीत बसला.
जणू तिथेच नोकरीला होता.

कोणी काही बोललं नाही.

अकरा हिवाळे त्या खुर्चीत न्थाटिसी बसली.
नावं लिहिली, वजनं लिहिली,
बेडक्याच्या डब्यांवर चिकटपट्टी लावली, तिथेच, आतच,
कारण एवढ्या गारठ्यात म्हाताऱ्या माणसांना
थुंकायला बाहेर कसं पाठवायचं?
तिला खोकला लागला तेव्हा म्हणाली, शेगडीचा धूर गं, दुसरं काय.
औषध आमच्याच कपाटात होतं.
किल्ली तिच्याच कमरेला.
पेरणीआधी गेली.

ती खुर्ची शेगडीजवळ मी सरकवली होती.
तिचे पाय गारठायचे म्हणून.
मी इथली झाडूवाली. खुर्च्या मीच सरकवते.

माणूस म्हणाला, टेबल वाऱ्याच्या बाजूला घ्या,
खोकणारा वाऱ्याच्या पुढे, नर्स मागे.
पैसे लागत नाहीत याला.
पैसे लागत नाहीत, हे त्याने दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा मला ते ऐकवलं नाही.

खिडक्या तीन. तिन्ही रंगाच्या थरांनी चिकटलेल्या.
स्वयंपाकघरातली सुरी घेतली
आणि तळाला लागलेलं भांडं खरवडावं
तशी चौकटीभोवती फिरवली.
तिसरी उघडली तेव्हा माणसासारखी कण्हली.
डोंगरावरचा वारा आत आला,
आणि मापुलेंग म्हातारी ओरडली,
खोकल्याने नाही तर थंडीने मारणार का आम्हाला?
तिचंही खरं होतं.
जास्तीचं ब्लँकेट दवाखान्यात नव्हतं.
माझं आणलं घरून.

न्टाटे सेआबातांनी वीस वर्षं
दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणीत काढली.
ते म्हणाले, पाळणा खाली सोडताना आम्हाला मोजायचे.
वर ओढल्यावर पुन्हा मोजायचे.
हवा कोणी मोजली नाही.
मग उठले, आपला बाक आपणच ओढत
भिंतीआड उन्हात नेऊन टाकला
आणि तिथून मुकादमासारखे ओरडू लागले,
खोकणारे इकडे! खोकणारे इकडे!
मध्येच खोकायला थांबत.

नव्या नर्सचं नाव लिपूओ.
मास्क आठवड्याला एक येतो, आला तर.
संध्याकाळी कागदी पिशवीत घालून खिळ्याला अडकवायचा,
पिशवीवर आपलं नाव.
चार खिळे आहेत, माणसं तीन.
चौथी पिशवी मी काढत नाही.
लिपूओने एकदा विचारलं, कोणाची?
मग अक्षर ओळखलं असावं, नोंदवहीतलं.

खिडक्या रोज रात्री कोणीतरी लावतं.
रोज सकाळी मी उघडते.
भांडण नाही, काही नाही, हेच चाललंय.
परवा सकाळी आले तर मधली उघडीच,
रात्रभर कोणी हात लावला नव्हता.
बर्फ आत आला होता,
चौकटीवर, फरशीवर,
आणि पूर्वी खुर्ची असायची तिथे
एवढासा, पांढरा.

झाडू हातात होता.
थोडा वेळ तशीच उभी राहिले.

मग फाटकाशी पहिला खोकला ऐकू आला.
मी खिडकीतून हात बाहेर काढला,
बोट दाखवलं:
तिकडे. उन्हात.