फ्लायव्हीलचं पितळ

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
इद्रीसभाईच्या दुकानात कापून उरलेले तुकडे
किलोवर मिळतात, पत्र्याच्या पिंपांत.
एकात पितळ, एकात अॅल्युमिनियम, आईच्या भाषेत जर्मल,
आणि दाराशी, उन्हाने पिवळट पडलेले
नायलॉनचे, डेलरिनचे दांडे,
बाजारात न खपलेल्या मुळ्यांसारखे.

शुक्रवार. साडेचार वाजले तरी शेचाळीस अंश.
पिंपात हात घालायला फडकं लागतं.
"किस चीज का इंजन, चौगुले?"
तळहातावर बसेल एवढं, मी दाखवतो.
"चलेगा?"

पहिला पिस्टन मी नायलॉनचा केला होता.
कातायला लोणी.
टूलवरून लांबच लांब पांढरी शेवई निघत राहिली,
चकाला गुंडाळली, पायात आली.
शाजी म्हणाला, पायसमला घेऊन जातो.
पितळी सिलिंडरात दोन शतांशाची फट ठेवली,
कंप्रेसरची हवा सोडली,
आणि खोलीत, चोवीस अंशांवर, सहा जणांच्या बंकांमध्ये
ते असं पळालं
की वसंता गावडे शिट्ट्या मारायला लागला.

मग फोटोला उजेड हवा म्हणून गच्चीवर नेलं.
ऑगस्ट. पाच मिनिटांत जाम.
एसीत आणलं, सुटलं.
परत बाहेर, परत जाम.
हसून हसून पोटं दुखली, माझंही दुखलं.
डब्यात ठेवलेला दुसरा पिस्टन तर
महिन्याने खोलीतसुद्धा आत शिरेना.
नायलॉन हवेतलं पाणी पितं, गुपचूप,
आणि इथल्या हवेत पाण्याला तोटा नाही.

वडील उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडायचे.
पिस्टनला बीडच, म्हणायचे.
काळं, ठिसूळ, कातताना पूड नाकात जाते,
घरी येऊन शिंकरलं की रुमाल काळा,
पण त्याच्या पोटात शिसपेन्सिल असते,
तेल संपलं तरी घटकाभर ओढून नेतं.
स्टेनलेसच्या वाटेला ते जात नसत.
टूल जरा थांबलं की अंग आखडून घेतं,
मग हात लावू देत नाही.
आमच्या आण्णाकाकासारखं.

तेव्हा पिस्टन ठरला. जुन्या व्हॉल्व्हच्या बीडातून निघेल.
अडलंय ते फ्लायव्हीलवर.
ऐंशी व्यास, वीस जाडी.
डेलरिनचं दीडशे ग्रॅमच्या आत,
जर्मलचं पावणेतीनशे,
पितळेचं साडेआठशे.
हा हिशोब टाइमशीटच्या पाठीवर मांडलाय,
कारण विमानात तीस किलो,
आणि यादी आत्ताच एकतीसवर:
मिल्क पावडर, दोन ब्लँकेटं, शर्वाणीचे बूट,
वसंताच्या मेव्हण्याचं ड्रिल मशीन.
साडेआठशे ग्रॅम म्हणजे खजुराचा एक डबा.

शाजी म्हणतो, डेलरिनचं कर, वरून सोनेरी मार,
कोण बघतंय?

खरंय. वडिलांना आता नीट दिसत नाही.
पण ते हातात घेतील.
बोटाने एक टिचकी देतील चाकाला
आणि किती फेरे होतात ते
तोंडातल्या तोंडात मोजतील.
टोकाला पोचला की पिस्टन थबकतो,
तिथून त्याला ढकलणारं कुणी नसतं, हवाही नाही,
चाकाचा जडपणाच पलीकडे नेतो.
हे त्यांनीच शिकवलं, मी आठवीत असताना,
एका बंद पडलेल्या इंजिनाशेजारी,
डबा खाता खाता.

यादीतला खजूर खोडला.

इद्रीसभाईने काटा शून्यावर आणला.
"एक किलो दो सौ दस. बारह सौ लिखता हूँ."
कातल्यावर कीस निघेल, परत घेणार का?
"लाना. तेल धोके लाना."
तुकडा फडक्यात गुंडाळला,
तरी पोळत होता.
बस यायला वीस मिनिटं लागली,
तोवर तो या हातातून त्या हातात
करत राहिलो.