पाच मिरच्या

टायरचं दुकान आणि केस कापणारी बाई,
यांच्या मधल्या फटीत दुआंगजाईचं हॉटेल.
सहा टेबलं. एक डगमगतं,
त्याच्या पायाखाली घडी घातलेलं जुनं मेनूकार्ड.
आम्ही तिथंच बसतो, सवयीनं.

दुपारचे चार. हार्स्टाडवर केव्हाचा अंधार पडलाय.
बंदरातल्या बोटींचे दिवे पाण्यात ताणले गेलेत
पाकाच्या तारेसारखे.
बुटांचे खिळे काढताना आइलर्ट
नेहमीच्या शिव्या नेहमीच्या क्रमानं घालतो.
कोट चार, खुंट्या तीन.

इथं प्रत्येक पदार्थापुढे मिरच्या छापल्यात,
एक ते पाच.
आम्ही एकवाली माणसं.
उकडलेला कॉड, उकडलेला बटाटा,
वर वितळलेलं लोणी, यावर पोसलेली.
सिग्वे तर ती एक मिरचीही
आधी काट्यानं ढोसून बघतो,
जिवंत आहे का म्हणून.

योरून म्हणाली, मला पाच.

दुआंगजाईनं वहीतून मान वर केली.
अकरा वर्षांत गावातल्या कुणी पाच मागितल्या नव्हत्या.
"पाच म्हणजे माझ्या गावच्या पाच," ती म्हणाली.
"इथल्या नव्हेत."
"त्याच."

मग कागदी रुमाल चुरगळत योरूननं सांगितलं.
मार्चमधल्या त्या तापानंतर
जिभेवर काही उमटतच नाही.
कॉफी म्हणजे गरम. पाव म्हणजे मऊ.
परवा नासलेलं दूध अर्धा पेला प्यायली,
नवऱ्याचं तोंड वाकडं झालं तेव्हा कळलं.

नऊ महिने. आणि आम्ही दर महिन्याला
हिच्यासमोर बसून मिटक्या मारत होतो.
तीही मारत होती,
आमच्या बघून.

सूप आलं, वाफेसकट.
"सांगा," ती म्हणाली. "एकेकानं."

सिग्वे म्हणाला, छान आहे.
छान म्हणजे?
छान म्हणजे आंबट. मग गोडसर. मग…
तीस वर्षं हा माणूस बंदरात क्रेन चालवतो,
चाळीस टनांचा कंटेनर
अंड्यासारखा अलगद टेकवतो,
आणि चमचाभर सूप त्याला उचलता येईना.

आइलर्ट म्हणाला, शाळेच्या लोखंडी फाटकाला
हिवाळ्यात जीभ लावली होती आपण, आठवतं?
ती चिकटली होती?
त्याच्या बरोब्बर उलट.

मी गवती चहाची काडी चोखून बघितली.
म्हटलं, जुलै. मध्यरात्रीचं ऊन.
तुझ्या आईनं गवत कापलंय,
आणि शेजारी बसून कुणीतरी लिंबू सोलतंय.
"लिंबू कुठलं? आमच्याकडे नव्हतं लिंबू."
नव्हतं.
"असू दे," ती म्हणाली. "राहू दे ते."

मग कच्च्या पपईची कोशिंबीर आली, पाचवाली.
तिनं घास घेतला.
दुसरा.
कान लाल, नाक वाहतंय, डोळ्यांना धारा.
सिग्वेनं दूध मागवलं, स्वतःसाठी, नुसतं बघूनच.
"दुखतंय," योरून म्हणाली.
वाढदिवसाच्या पोरीसारखी म्हणाली.
"तोंडात दुखतंय!"

दुआंगजाई पदराला हात पुसावेत तसे
ॲप्रनला पुसत आली, स्टूल ओढलं,
विचारल्याशिवाय तिच्याच ताटलीतला घास
बोटांनी उचलून चाखला.
"मीठ कमी पडलं."
मग म्हणाली, "पहिल्या वर्षी इथं मलाही असंच.
सगळं गरम, मऊ, पांढरं.
पण माझी जीभ चांगली होती."

आम्हाला जरा वेळ लागला.
आधी सिग्वे हसला, मग टेबल हललं,
सूप सांडलं मेनूकार्डावर.

परतीच्या बर्फात योरून माझ्या दंडाला धरून चालते,
खिळे कुरकुरतात.
आता कसला वास येतोय, विचारते.
डिझेल, मी म्हणते. मासे.
आणि आइलर्टचा कोट.

कोट कसा?